लिस्टिंग फुकट, मग पैसे जातात कुठे? बेळगाव सीमाभागातल्या विक्रेत्यांसाठी ऑनलाइन फीचा पूर्ण हिशेब

‘लिस्टिंग मोफत’ एवढं वाचून अथणीचा चप्पल कारागीर, वडगावचा साडीवाला, खानापूरचा काजूवाला पोर्टलवर नाव नोंदवतो. पहिलं पेमेंट येतं आणि १२०० रुपयांना गेलेल्या जोडाचे बँकेत जेमतेम ८७० रुपये दिसतात. मग सुरू होतो संताप. बहुतेक वेळा पोर्टलने लपवलेलं काही नसतं. फी लिहिलेली असते, पण कमिशन एका पानावर, कुरिअर दुसऱ्या पानावर, परताव्याचा खर्च तिसऱ्या पानावर आणि त्यावरचा जीएसटी तळटीपेत. हे सगळं माल चढवण्याआधी एका कागदावर आणणं हे विक्रेत्याचं काम, आणि ते कसं करायचं ते इथे दिलं आहे. आपल्या भागात त्यात राज्याच्या सीमेची भर पडते. तिचा हिशेब पुण्या-बंगळुरूच्या सल्लागारांच्या व्हिडिओत सापडत नाही.

फुकट म्हणजे नक्की काय फुकट

‘मोफत लिस्टिंग’चे चार वेगवेगळे अर्थ आहेत. आपण कुठल्या दारात उभे आहोत हे आधी ओळखा.

पहिला प्रकार अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांच्यासारख्या बाजारांचा. माल चढवायला पैसे नाहीत, पण ऑर्डरमागे कापणी. अलीकडे यात कमिशन कमी करण्याची चढाओढ आहे. मीशोने २०२१ पासून कमिशन शून्य ठेवलं. अॅमेझॉनने एप्रिल २०२५ मध्ये अनेक प्रकारांत ३०० रुपयांच्या आतल्या मालाचं कमिशन काढलं. फ्लिपकार्टने नोव्हेंबर २०२५ मध्ये १००० रुपयांच्या आतल्या मालासाठी तेच केलं. हे आकडे सतत हलतात, म्हणून माल चढवण्याच्या दिवशी त्या पोर्टलचा स्वतःचा फी कॅल्क्युलेटर उघडा. आणि एक लक्षात ठेवा: कमिशन शून्य म्हणजे फी शून्य नव्हे. कुरिअर, ठरावीक फी आणि परतावा तसेच राहतात. स्वस्त मालात खरा खड्डा तिथेच असतो.

दुसरा प्रकार जुन्या वस्तू, गाड्या, घरभाडं यांच्या जाहिरातींच्या साइट. ठरावीक संख्येच्या जाहिराती ठरावीक दिवस फुकट, पुढे जाहिरात वर ठेवण्याचे पैसे. तिसरा प्रकार कारखानदारांच्या डिरेक्टऱ्यांचा. उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांना त्यांचे फोन चांगले ओळखीचे आहेत, त्यांच्याबद्दल पुढे. चौथा प्रकार व्हॉट्सअॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि फेसबुक मार्केटप्लेस. इथे खरोखर फी नाही. पण पैसे वसूल करणं, कुरिअर, फसवणुकीची जोखीम, सगळं तुमच्या अंगावर.

सीमारेषा हिशेबात दोनदा येते

निपाणीच्या दुकानदाराचं रोजचं गिऱ्हाईक कागल, कोल्हापूर, गडहिंग्लजचं. बेळगावच्या व्यापाऱ्याला चंदगड तालुक्यातली शिनोळी हाकेच्या अंतरावर. माणसं आपली, भाषा आपली, पण कायद्याच्या नजरेत ती विक्री आंतरराज्य.

पहिला फटका जीएसटीत. कर्नाटकात फक्त मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पूर्वी ऑनलाइन बाजारात विकायचं तर रुपयापासून नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना सूट मिळाली. नोंदणीशिवायही पोर्टलवर विकता येतं, पण अटी आहेत: विक्री फक्त स्वतःच्या राज्यात, व्यवसाय एकाच राज्यात, आणि जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन नोंदणी नसलेल्या पुरवठादाराचा नावनोंदणी क्रमांक आधी घेतलेला. म्हणजे बेळगावचा विक्रेता या सवलतीत बिदरला माल पाठवू शकतो, शिनोळीला नाही. कंपोझिशनवाल्यांनाही (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या लहान व्यापाऱ्यांना) त्याच तारखेपासून पोर्टलवर मुभा आहे, तीही राज्याच्या आतच.

व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेऊन कोल्हापूरला पार्सल पाठवलं तरी सर्वसाधारण नियमाने ती आंतरराज्य विक्रीच. पोर्टल मध्ये नाही म्हणून सुटका होत नाही. काही हस्तकला वस्तूंना वेगळी सवलत आहे. तुमचा माल त्या यादीत बसतो का, हे कर सल्लागाराकडून एकदा लेखी घ्या.

दुसरा फटका कुरिअरचा, आणि तो फार कमी लोकांच्या ध्यानात येतो. मोठ्या पोर्टलांचे कुरिअर दर साधारण तीन टप्प्यांत असतात: त्याच शहरात, त्याच विभागात, आणि विभागाबाहेर देशभर. विभाग म्हणजे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे राज्यांचे गट. कर्नाटक दक्षिणेत, महाराष्ट्र पश्चिमेत. त्यामुळे बेळगावहून चेन्नईला किंवा कोचीला गेलेलं पार्सल मधल्या दरात बसतं आणि ११० किलोमीटरवरच्या कोल्हापूरला गेलेलं सगळ्यात महाग दरात. अंतराशी याचा संबंध नाही. आपलं सगळ्यात हक्काचं गिऱ्हाईक आपल्याला सगळ्यात महाग पडतं. म्हणून हिशेब करताना कुरिअरचा सरासरी दर धरू नका. महाराष्ट्रात जाणाऱ्या मालासाठी देशभराचाच दर धरा. कुठल्या पोर्टलवर कुठलं राज्य कुठल्या गटात आहे, हे त्याच्या दरपत्रकात तपासून घ्या.

पोर्टलच्या गोदामात माल ठेवण्याचा पर्याय दाखवला तर एक गोष्ट पाहा. बंगळुरूजवळचं गोदाम तुमच्या कर्नाटकच्या जीएसटी नंबरात जादा जागा म्हणून जोडता येतं. भिवंडीचं गोदाम हवं असेल तर महाराष्ट्राचा वेगळा नंबर लागेल. कर्नाटकचा नंबर २९ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. ‘कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या घरून पाठवू’ हा मार्ग घरात ठरवायला सोपा, पण माल तिथे साठवून विकला की तिथली नोंदणी आलीच.

नोंदणीची कागदपत्रं

जीएसटी नोंदणीला सरकारी फी नाही. जे काही द्याल ते सल्लागाराच्या कामाचे. पॅन, आधार, बँक खातं, जागेचा पुरावा लागतो. हेस्कॉमचं वीजबिल वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्रही जोडावं लागतं. उद्यम नोंदणीही, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी साइटवर फुकट आहे. त्याचे पैसे मागणाऱ्या, हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साइटपासून सांभाळा.

आपल्याकडे अर्ज अडकतात ते नावांवर. पॅनवर एक स्पेलिंग, आधारवर कन्नडवरून इंग्रजीत गेलेलं दुसरं, पासबुकावर तिसरं. वडगाव की वडगावी, बेळगाव की बेळगावी, निपाणीत एक प की दोन. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, पण जुन्या भाडेकरारात बेळगाव असतं. गावाच्या नावातल्या फरकाने सहसा अडत नाही. माणसाच्या नावातल्या फरकाने अडतं. त्यामुळे आधी पॅन आणि आधार जुळवा, मग बँक, मग जीएसटी, आणि शेवटी पोर्टल. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक दुरुस्तीला पोर्टलची पडताळणी नव्याने सुरू होते आणि तोवर पेमेंट थांबतं.

खाण्याच्या मालाला एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नंबर लागतो. पाकिटावर उत्पादक किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी, प्रति ग्रॅम किंवा किलो दर, तक्रारीसाठी संपर्क आणि माल आयात केलेला असेल तर उत्पादनाचा देश छापलेला हवा. यातलं बहुतेक लिस्टिंगमध्येही दिसावं लागतं.

एका जोडाचा हिशेब

आता मुख्य काम. उदाहरण कोल्हापुरी चपलेचं. बेळगाव जिल्ह्यात तयार होणाऱ्या चपलेला ‘कोल्हापुरी’ म्हणण्यात गैर काही नाही. २०१९ च्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार जिल्हेही आहेत. पोर्टलने ‘कोल्हापुरी’ शब्दावर लिस्टिंग अडवलं तर हाच आधार दाखवायचा.

कमिशन आणि फीचे पुढचे दर नमुन्याचे आहेत. तुमच्या पोर्टलचे घाला. विक्री किंमत १२०० रुपये, करासह. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांना ५ टक्के जीएसटी आहे. म्हणजे मालाची करपूर्व किंमत १२०० भागिले १.०५, म्हणजे ११४२.८६ रुपये, आणि कर ५७.१४ रुपये.

कमिशन १२ टक्के धरू: १४४ रुपये. ठरावीक फी ४०. कुरिअर ९०. एकूण २७४. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी ४९.३२. पोर्टलची कापणी झाली ३२३.३२ रुपये.

यानंतर दोन छोट्या कपाती. जीएसटीचा टीसीएस (पोर्टलने तुमच्या नावावर आधीच कापून भरलेला कर) १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे, करपूर्व किमतीवर: ५.७१ रुपये. आयकराचा टीडीएस (तशीच आगाऊ कपात) १ ऑक्टोबर २०२४ पासून एक टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आला: सव्वा रुपयाच्या आत. दोन्ही मिळून सातएक रुपये. खात्यात साधारण ८७० रुपये येतात. लोक चिडतात ते बरेचदा या दोन कपातींवर, पण हे पैसे गेलेले नसतात. टीसीएस जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला ‘स्वीकारा’वा लागतो, मग तो तुमच्या रोख खतावणीत येतो. तिथे बटण न दाबल्यामुळे वर्षभराचे पैसे तसेच पडून राहतात. टीडीएस आयकर विवरणात मिळतो. व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब म्हणून वर्षाची ऑनलाइन विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेला असेल तर तो कापलाच जात नाही. दिलेला नसेल तर थेट ५ टक्के.

आता खरा नफा. नियमित जीएसटीवाल्याला पोर्टलच्या फीवरचे ४९.३२ रुपये क्रेडिट म्हणून, म्हणजे भरायच्या करातून वजा करायला, मिळतात. त्यामुळे त्याने कर बाजूला काढून मोजावं: ११४२.८६ वजा २७४, राहिले ८६८.८६. कारागिराला दिलेले ६५० आणि पॅकिंगचे २५ गेले की जोडामागे १९३.८६ रुपये.

नोंदणी नसलेल्याचं काय? त्याला गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही, पण फीवरचा कर परत मिळत नाही. १२०० वजा ३२३.३२ वजा ६७५, म्हणजे २०१.६८ रुपये. फरक आठ रुपयांचा. ५ टक्क्यांच्या मालात नोंदणी केल्याने कराचा फारसा तोटा नाही, हे या आकड्यांतून दिसतं. खर्च आहे तो विवरणपत्रांचा आणि सल्लागाराच्या महिन्याच्या फीचा. ती फी महाराष्ट्रातून येणाऱ्या ऑर्डरींवर भागत असेल तर नोंदणी करावी. महिन्याला आठ-दहा ऑर्डरी असतील तर राज्याच्या आतच विकलेलं बरं.

डबा लहान करा, तिथेच पैसे आहेत

कमिशनवर तुमचा हात चालत नाही. डब्यावर चालतो.

कुरिअर खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते धरतं. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. उत्तर किलोत. दर बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी चढतो.

बुटांचा तयार डबा ३२ बाय २० बाय ११ सेंटिमीटरचा घेतला तर ७०४० भागिले ५०००, म्हणजे १.४१ किलो. टप्पा लागला दीड किलोचा. आतल्या चपला मात्र पाऊण किलोच्या. त्याच चपला तळव्याला तळवा लावून, मध्ये कागद घालून ३० बाय १४ बाय ८ च्या डब्यात बसवल्या की ०.६७ किलो. आता खरं वजन पाऊण किलो धरलं जाईल आणि टप्पा एक किलोचा. प्रत्येक पार्सलमागे अर्ध्या किलोचा दर वाचला, परत आलं तर दुसऱ्यांदा वाचला. असे डबे मागवून घ्या. घाऊक बाजारातला हाताला लागेल तो डबा स्वस्त पडत नाही.

गुळातही तेच. एक किलोची ढेप पॅकिंगसह १.०८ किलो भरते आणि दीड किलोच्या टप्प्यात जाते. ९०० ग्रॅमचं पाकीट पॅकिंगसह एक किलोच्या आत राहतं. वजन ठळक छापा आणि किलोचा दरही लिहा, म्हणजे ‘किलो सांगून ९०० दिलं’ अशी तक्रार येणार नाही. खरं तर किलोभर गूळ कुरिअरने पाठवणं परवडतच नाही. गूळ ऑनलाइन विकायचाच असेल तर काकवी, सुंठ-वेलदोड्याचा गूळ, छोट्या वड्या असा भाव देणारा माल करा.

पोर्टलने वजन जास्त लावल्याच्या तक्रारी भरपूर असतात. त्या जिंकायच्या तर पुरावा आधी हवा: बंद पार्सल वजनकाट्यावर, आकडा आणि लेबल एकाच फोटोत, शेजारी टेप लावून तिन्ही मापं. रोजच्या पार्सलांत हे जमत नसेल तर प्रत्येक मालाचा निदान एक संच काढून ठेवा. दाव्याची मुदत छोटी असते, म्हणून वजनाच्या फरकाचं पान दर आठवड्याला ठरलेल्या वारी उघडायचं.

परतावा: नफा खाणारा खरा उंदीर

परतावा दोन प्रकारचा. गिऱ्हाइकाने घेतलंच नाही, पत्ता सापडला नाही, म्हणून आलेला माल हा एक. घेऊन, उघडून, मग परत केलेला हा दुसरा. पहिल्यात अनेक पोर्टल विक्रेत्याकडून कुरिअरचे पैसे घेत नाहीत. दुसऱ्यात जाण्या-येण्याचे दोन्ही पडू शकतात. दरपत्रकात हे दोन वेगळे शोधा.

वरच्या उदाहरणात दहा जोड गेले, दोन उघडून परत आले असं धरा. जाण्याचे ९०, येण्याचे ११०, नव्या पॅकिंगचे २५, मिळून एका परताव्याचे २२५. आठ जोडांचा नफा १५५०.८८, त्यातून ४५० गेले, उरले ११०० रुपये. विकल्या गेलेल्या जोडामागे १३७ रुपये, १९३ नव्हेत. एखादा जोड मळून आला तर आणखी ६५० गेले.

किंमत ठरवायची ती या बाजूने. मालाचे आणि पॅकिंगचे ६७५, ठरावीक फी व कुरिअर १३०, परताव्याची तरतूद ५६, हवा असलेला नफा १५०. बेरीज १०११. आता एका रुपयातून कर गेल्यावर ९५.२४ पैसे राहतात, त्यातून कमिशनचे १२ पैसे वजा, राहिले ८३.२४ पैसे. १०११ भागिले ०.८३२४, म्हणजे साधारण १२१५ रुपये. ही तुमची खालची पायरी. सणाची सूट, कूपन, शेजारच्या विक्रेत्याने पाडलेला भाव, कशासाठीही याच्या खाली जायचं नाही.

चपला परत येतात त्या मुख्यतः मापावरून. कोल्हापुरीत अर्धा नंबर नसतो, चामडं नवं असताना घट्ट बसतं आणि पायात चालून सैल होतं, हे बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला माहीत नसतं. लिस्टिंगमध्ये नुसता नंबर देऊ नका. तळव्याची आतली लांबी सेंटिमीटरमध्ये द्या. ‘कागदावर उभं राहून टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजा’ असं सांगणारं एक चित्र फोटोंमध्ये दुसऱ्या क्रमांकावर टाका, शेवटी टाकलं तर कोणी बघत नाही. पहिले काही दिवस घट्ट वाटेल आणि पाण्यात वापरू नये, हे पहिल्या दोन ओळींत लिहा. साडीत परतावा रंगावरून येतो. वडगाव-शहापूरच्या साडीचा फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका, सकाळच्या उजेडात काढा आणि काठ व पदर जवळून दाखवा. ब्लाउजपीस आहे की नाही हे शीर्षकातच हवं.

जून ते सप्टेंबर आपल्याकडची दमट हवा चामड्याला बुरशी आणते. ओलसर जोड प्लॅस्टिकमध्ये बंद केला की आठवड्याभराच्या प्रवासात पांढरी बुरशी धरते आणि माल परत येतो. पावसाळ्यात जोड आधी वाऱ्यावर सुकवा, कागदात गुंडाळा, सिलिका जेलची पुडी टाका. प्लॅस्टिक फक्त बाहेरून.

परत आलेलं प्रत्येक पार्सल मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून उघडा. बंद पार्सल, लेबल, मग कापणं, मग आतला माल, सगळं न थांबवता एकाच चित्रीकरणात. आत जुनी चप्पल किंवा दुसरीच साडी निघाली तर दाव्याला दुसरा पुरावा चालत नाही. कुरिअरवाल्याच्या यादीवर सह्या करताना पार्सलं मोजा. ‘परत दिलं’ अशी नोंद होऊन न पोचलेलं पार्सल नंतर शोधणं फार अवघड.

जाहिरात आणि आपोआप लागणाऱ्या ऑफरी

लिस्टिंग फुकट, पण दिसण्याला पैसे: विक्रेत्यांच्या रागाचं हे दुसरं मोठं कारण. गणित सरळ आहे. एका क्लिकला ४ रुपये आणि २५ क्लिकमागे एक ऑर्डर, तर ऑर्डरमागे १०० रुपये गेले. जोडामागे १३७ मिळत असतील तर राहिले ३७. नव्या लिस्टिंगला पहिले दहा-पंधरा अभिप्राय मिळेपर्यंत एवढं सोसावं, पण रोजची मर्यादा घालून आणि शेवटची तारीख टाकून. तारीख न टाकलेली जाहिरात तुम्ही विसरलात तरी चालू राहते.

खात्याच्या सेटिंगमध्ये ऑफरींचं पान शोधा. सणासुदीच्या सेलमध्ये आपोआप सामील होण्याची खूण आधीच केलेली असली तर काढा. दसरा-दिवाळीच्या आधी हे पुन्हा तपासा.

सेटलमेंट वाचण्याची पद्धत

आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं. सेटलमेंट अहवाल, म्हणजे कापणी करून दिलेल्या पैशांचा तपशील, एक्सेलमध्ये उतरवा. ऑर्डर क्रमांकावर लावून घ्या. पाच रकाने पाहा: विक्री किंमत, कमिशन, कुरिअर, परताव्याची वजावट, हातात आलेली रक्कम. तुमच्या कागदावरच्या अपेक्षित आकड्यापासून १५ रुपयांहून जास्त फरक असलेल्या ओळी पिवळ्या करा. फरकाची कारणं नेहमीचीच: वजनाचा वरचा टप्पा लागला, माल चुकीच्या प्रकारात टाकल्याने कमिशनचा दर वेगळा बसला, परत आलेल्या ऑर्डरचं कमिशन माघारी आलं नाही, किंवा कूपनचा भार तुमच्यावर पडला. एका तक्रारीत एकच मुद्दा, ऑर्डर क्रमांक आणि फोटो. सात ऑर्डरी एका पत्रात घातल्या की ठरावीक उत्तर येऊन तक्रार बंद होते.

ग्राहक न्यायालयाचा मार्ग इथे सहसा लागू नाही, कारण व्यापारासाठी सेवा घेणारा कायद्याने ग्राहक ठरत नाही. करारातली तक्रार निवारण आणि लवादाची कलमं हाच रस्ता, म्हणून नोंदणी करताना करार उतरवून ठेवा.

डिरेक्टऱ्यांचा फोन आला तर

फुकट प्रोफाइल केलं की दोन दिवसांत फोन येतो: वर्षाचं पॅकेज घ्या, रोज चौकश्या मिळतील. कास्टिंग किंवा हायड्रॉलिक भाग बनवणाऱ्याला चांगली एक ऑर्डरही वर्षाचे पैसे वसूल करून देते, त्यामुळे सरसकट नाही म्हणू नका. पण चार गोष्टी ईमेलवर लिहून घ्या: एकच चौकशी किती विक्रेत्यांना जाते, राज्य आणि किमान नग यांची चाळणी लावता येते का, न लागणाऱ्या फोन नंबरची भरपाई कशी, आणि मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण आहे का. खात्यातून परस्पर वळती होण्याची बँक संमती मागितली तर नको म्हणा, एकरकमी द्या आणि जीएसटीचं बिल घ्या.

इथे उद्यम नोंदणी उपयोगी पडते. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाने थेट कंपनीला माल दिला आणि पैसे ४५ दिवसांपुढे गेले तर केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर दावा करता येतो.

कुठला माल कुठे

कुंदा मोठ्या पोर्टलवर टाकू नका. एफएसएसएआयने २०२४ च्या अखेरीस ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की गिऱ्हाइकाच्या हातात पडताना मालाची ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. थोड्या दिवसांची मिठाई त्या चौकटीत अडचणीची ठरते. ओळखीच्या गिऱ्हाइकांना बस पार्सलने पाठवणं उत्तम. गोकाकचा करदंट जास्त टिकतो, तो चालतो. काजूला वजनाच्या मानाने भाव चांगला, अर्ध्या किलोच्या टप्प्यात बसणारं पाकीट करा. खानापूरची मातीची भांडी देशभर पाठवण्याच्या फंदात पडू नका, फुटीचे दावे नफा खातात. शहराच्या आत फेसबुक मार्केटप्लेस त्यांना पुरेसं.

चप्पल आणि साडीत दोन्ही वाटा ठेवा. पोर्टल दक्षिणेसाठी. कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या गिऱ्हाइकांसाठी, जीएसटी नोंदणी असेल तर, व्हॉट्सअॅप कॅटलॉग, यूपीआय आणि स्वतः ठरवलेलं कुरिअर किंवा टपाल. बेळगावहून कोल्हापूर-पुण्याचे दर कुरिअरवाल्याशी बोलून ठरतात, तिथे दक्षिण-पश्चिम हा घोळ नसतो. पार्सलात दुकानाचं कार्ड टाकण्याआधी पोर्टलचे नियम वाचा, बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक बाहेर वळवायला मनाई आहे आणि खातं बंद होतं.

थेट विक्रीत पैसे आल्याशिवाय पार्सल बांधायचं नाही. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेचं खातं उघडून बघा. लष्करातला अधिकारी असल्याचं सांगून न विचारता मोठी ऑर्डर देणारा आणि ‘पैसे घेण्यासाठी’ क्यूआर पाठवणारा हमखास ठग. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. तरीही फसलात तर लगेच १९३० वर फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

पोर्टल सोडायचं असेल तर

रागाच्या भरात खातं बंद करू नका. आधी सगळ्या मालाचा साठा शून्य करा, जाहिराती थांबवा. परताव्याची मुदत संपून शेवटची पार्सलं हातात येईपर्यंत थांबा. पोर्टलच्या गोदामातला माल परत मागवा, त्यालाही फी असते, ती मालाच्या किमतीपेक्षा जास्त होत असेल तर तिथेच सूट देऊन संपवा. सेटलमेंट अहवाल, फीची बिलं आणि कर अहवाल पूर्ण आर्थिक वर्षाचे उतरवून घ्या, कारण खातं बंद झाल्यावर ते मिळत नाहीत आणि जीएसटीचं क्रेडिट त्या बिलांवरच उभं असतं. शेवटच्या महिन्याचा टीसीएस पोर्टल पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरतं. तो दिसल्यावर स्वीकारा, मगच बँक खातं बदला.